चाळीस नंबरची जाळी

२ मे, सकाळी ६.१०
नवीन वही, नवीन शिस्त. मुदतवाढीचं पत्र काल आलं. ही तिसरी. त्यातल्या 'अंतिम' या शब्दाखाली कुणीतरी पेनाने रेघ मारली आहे. रेघेची काय गरज होती? मला वाचता येतं. ३१ ऑगस्टला संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे नऊ वर्षांची पीएच.डी. पाण्यात. अर्थात तसं काही होणार नाही. आजपासून एकशे बावीस दिवस आहेत. रोज दोन पानं लिहिली तरी दोनशे चव्वेचाळीस होतात. इतकी तर लागणारही नाहीत.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. चहा दोनच कप. लॅबमधल्या मामांवर न ओरडणे.
(आज सहाला उठलो, पण ते धरायचं नाही. वही शोधण्यात वेळ गेला.)

३ मे
विषय सोप्या शब्दांत एकदा लिहून ठेवतो, कारण सासऱ्यांना सांगताना दर वेळी माझाच गोंधळ होतो. बंद टाकीत शेणकाला आणि पिकांचा कचरा कुजवला की बायोगॅस मिळतो. कचरा वर तरंगू नये म्हणून आत ढवळणी फिरवावी लागते. ढवळणीला वीज लागते. तर काडाचे तुकडे केवढे ठेवले की वीज कमी लागेल? एवढंच. एवढ्याशा प्रश्नाला नऊ वर्षं का लागतात, असं सासरे विचारतात. ते निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांच्या आयुष्यात सगळ्या गोष्टींवर पत्ता लिहिलेला होता.

९ मे
जाळ्या विकणाऱ्याला चिठ्ठी पाठवली. काड दळायच्या चक्कीसाठी चार जाळ्या हव्यात: ५, १०, २०, ४०. पुढे मिलिमीटर वगैरे लिहीत बसलो नाही. समोरच्याला कामाची जाण असेल तर आकडा पुरतो. पाल्हाळ हा आपल्या संशोधनाला लागलेला रोग आहे.
लेखन: शून्य पानं. पण डोक्यात बरंच.

१९ मे
जाळ्या आल्या. प्रत्येकीच्या कडेला नंबर ठोकलेला आहे. मामांनी दोन दिवसांत गव्हाचं काड दळून चार नंबरांच्या पिशव्या भरल्या, तोंडं शिवली, वर नंबर लिहिले. मामा म्हणजे आमच्या लॅबचे मदतनीस. दोन वर्षांत निवृत्त होतील. माणूस कष्टाळू, पण बोलतो फार.
मला काडाच्या धुळीची अॅलर्जी असल्यामुळे मी काचेच्या केबिनमध्ये बसणार. मीटर आत माझ्या टेबलावर, टाकी बाहेर मामांच्या ताब्यात. मी नंबर सांगायचा, मामांनी पिशवी ओतायची, मी वॉट लिहायचे. कामाची अशी विभागणी परदेशात असते म्हणे.

३ जून, दुपारी ४
पहिली फेरी पूर्ण. आकडे विचित्र. पाचला ६१ वॉट, दहाला ४८, वीसला ३७, चाळीसला २९. उलटं यायला हवं होतं. आजवर सगळं जग सांगत आलंय की तुकडे बारीक करा म्हणजे ढवळायला सोपं जातं. माझ्याकडे तर तुकडा जितका मोठा तितकी वीज कमी लागतेय!
मीटर बिघडला असणार. मामांनी टाकी नीट धुतली नसणार. मामांवर थोडं ओरडलो. (संकल्पात 'न ओरडणे' आहे, 'थोडं' त्यात मोडत नाही.)

११ जून
दुसरी फेरी. तेच. मीटर बदलून घेतला. तेच.

१२ जून, पहाटे ५.०० (उठलो!)
झोप लागेना. लागणार कशी? चूक माझी नाही, जगाची आहे. मोठ्या तुकड्यांना वीज कमी लागते हे आजवर कुणी पाहिलंच नाही, कारण प्रत्येकाने आधीच दळून ठेवलं होतं. जग उगाच दळत बसलंय! चक्क्या, जाळ्या, मोटारी, सगळं फुकट. आणि हे कुणाच्या लक्षात आलं? नऊ वर्षं ज्याला सगळ्यांनी नावं ठेवली त्याच्या.
बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली की छान, पण साडेसहाला सांगितलं असतं तरी ते खरंच राहिलं असतं. ती शाळेत गणित शिकवते. नवीन विचाराला या लोकांकडे जागाच नसते.

१६ जून
कारणमीमांसा सापडली. नाव दिलं: मुक्त तुकडा सिद्धान्त. बारीक कण एकमेकांना चिकटतात, गर्दी करतात. मोठा तुकडा स्वतंत्र वृत्तीचा असतो, ढवळणी आली की बाजूला होतो. सातवीतल्या मुलीला समजावून सांगितलं. ती म्हणाली की मोठी माणसं बाजूला होतात असं तिने अजून कुठे पाहिलेलं नाही. हसलो. मग जरा वाईट वाटलं.

२३ जून
मामांची कटकट. म्हणे चाळीस नंबर ओतताना शिंका येतात, नाकाला बांधायला फडकं हवं. चाळीस मिलिमीटरच्या तुकड्याने शिंक? बोटाएवढा तुकडा नाकात जाईल कसा? कामाचा कंटाळा, दुसरं काही नाही. पाणी शिंपडून ओता असं सांगितलं.

३० जून
मामा पुन्हा केबिनच्या दारात. आता म्हणे पाच नंबर ढवळणीला गुंडाळतोय, सोडवताना हाताला ओरखडे येतात. हात दाखवले. ओरखडे होते, खोटं कशाला बोलू. पण पाच मिलिमीटरचा तुकडा कशाला गुंडाळणार? घरी मांजर पाळली असेल. डोळे तपासून घ्या असंही सुचवलं. ते म्हणाले की साहेब, तुम्हीच एकदा बाहेर येऊन बघा. अॅलर्जीची आठवण करून दिली.
लेखन: अकरा पानं. त्यातली आठ प्रस्तावना.

७ जुलै
बाईंना आकडे दाखवले. बाई म्हणजे माझ्या गाइड. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी या लॅबमध्ये आलो तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या आणि बीकर कुठे ठेवलेत ते मला विचारायच्या. आता मी त्यांच्या सहीसाठी दाराबाहेर स्टुलावर बसतो. असो.
त्यांनी आलेखाच्या रेषेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या की रेषा फार सुंदर आली आहे, म्हणूनच भीती वाटते. तुकड्यांची मापं पुन्हा एकदा तपासा. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं? जळतात लोक.

१५ जुलै
प्रबंधाचं शीर्षक बदललं. जुन्यात 'परिणामाचा अभ्यास' असले मेलेले शब्द होते. नवीन: 'दळण थांबवा'. बायको म्हणाली की हे मोर्चातल्या फलकासारखं वाटतं. मी म्हटलं, तसंच वाटायला हवं.

२१ जुलै
सिद्धान्त कागदावर ठेवून काय उपयोग? कॉलेजच्या कॅन्टीनमागे मोठी टाकी आहे. शेतातलं काड तिच्यात जातं आणि त्या गॅसवर कॅन्टीनच्या शेगड्या चालतात. कॅन्टीनवाल्याला समजावलं: चक्की बंद करा, काड बोटाएवढं कापून तसंच टाका. वीज वाचेल. तो घाबरत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो की जबाबदारी माझी. फार बरं वाटलं. असं वाक्य आयुष्यात फार वेळा बोलायला मिळत नाही.

२ ऑगस्ट
कॅन्टीनवाला लॅबमध्ये येऊन सगळ्यांसमोर ओरडून गेला. टाकीत काडाची गादी वर आली आहे, हातभर जाड. ढवळणी अडकली. गॅस नाही. सकाळपासून चहासुद्धा झालेला नाही आणि वसतिगृहाची मुलं ताटल्या वाजवताहेत. माणसं आत दंताळी घालून काड ओढताहेत. जबाबदारी कुणाची होती, असं त्याने तीनदा विचारलं.
त्याला शांतपणे सांगितलं की सिद्धान्त लॅबच्या टाकीसाठी आहे, मोठ्या टाकीचं गणित वेगळं असतं. शिवाय त्याने तुकडे मोजून कापले नसणार. मामा कोपऱ्यात उभे होते. मामा बोलत नाहीत तेव्हा जास्त त्रास होतो.
उद्यापासून चहा बंद. (आज तसाही मिळाला नाही.)

१२ ऑगस्ट
प्रबंध देण्याआधीचं जाहीर सादरीकरण झालं. पस्तीस लोक. 'दळण थांबवा' म्हणून पहिली स्लाइड लावली तेव्हा मागे कुणीतरी टाळी वाजवली. (कॅन्टीनवाला नव्हता, मी पाहिलं.) शेवटी एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं की नमुने सोबत आणलेत का, बघायला आवडतील. मी म्हटलं, नमुने प्रयोगासाठी असतात, प्रदर्शनासाठी नाहीत. लोक हसले. सभा जिंकली.
बाई हसल्या नाहीत. बाहेर पडताना एवढंच म्हणाल्या की मापं तपासलीत ना? मी म्हटलं, नऊ वर्षं दुसरं काय करतोय?

२० ऑगस्ट
एकशे चौऱ्याण्णव पानं! प्रत्येक प्रकरणात 'मोठ्या तुकड्याला कमी ऊर्जा' हे निदान दहा वेळा आलं आहे. वाचणाऱ्याच्या मनात शंका राहता कामा नये. पुढच्या आठवड्यात बांधणीला देणार. दहा दिवस हातात. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेच्या पुढे आहे.

२४ ऑगस्ट, दुपारी ३
बायको लॅबमध्ये आली होती. मी डबा घरी विसरलो म्हणून. मी मीटर बघत होतो तेवढ्यात ती बाहेर मामांशी बोलत उभी राहिली. चाळीस नंबरची एक पिशवी उघडी होती. तिने आत हात घातला.
मग केबिनच्या काचेवर टकटक केली आणि मूठ उघडून दाखवली. तळहातावर भुसा. भुसासुद्धा नाही, पीठ. बोटांच्या फटींतून खाली सांडत होतं. तिने विचारलं की अहो, हे चाळीस मिलिमीटर?
मी म्हटलं, चुकीची पिशवी उघडली असेल. तिने दुसरी उघडायला लावली. मामांनी सहा उघडल्या. मग पाच नंबरची उघडली. त्यात लांबलचक काड्या, गुंता. मामा म्हणाले की ताई, मी कधीपासून सांगतोय, नंबर वाढला की बारीक होतं.
ती आधी हसली. मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली. हसत राहिली असती तर बरं झालं असतं.

२५ ऑगस्ट
घाबरण्याचं कारण नाही. एका जाळीवरून काही सिद्ध होत नाही.
बाईंना सांगावं लागलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी कागद ओढला, माझा आलेख काढला, आणि खालच्या अक्षावर आकडे उलट क्रमाने लिहिले. म्हणाल्या की तुमचे वॉट अगदी खरे आहेत. फक्त जाळीचा नंबर काढून तुकड्याचं माप लिहा, निष्कर्ष फिरवा, मी ३१ ला सही करते. बारीक तुकड्याला कमी ऊर्जा लागते. स्वच्छ, नीटनेटकं काम आहे. पदवी मिळेल.
म्हणजे जे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे तेच! मी नऊ वर्षं हेच सांगायला घालवली? पस्तीस लोकांसमोर? मी त्यांना म्हटलं की विचार करतो. खरं म्हणजे संतापाने माझे कान गरम झाले होते. कुणाचा संताप आला ते अजून ठरत नाहीये.

२६ ऑगस्ट
जाळ्या विकणाऱ्याला फोन केला. तुम्ही चुकीच्या जाळ्या पाठवल्यात असं खडसावलं. तो म्हणाला की चिठ्ठीत नुसते आकडे होते, त्याने नंबर समजून दिल्या. जाळीचा नंबर म्हणजे एका इंचात किती भोकं. पाच म्हणजे पाच, चाळीस म्हणजे चाळीस. जितका नंबर मोठा तितकं भोक लहान. मग त्याने आदराने विचारलं की साहेब, या लाइनमध्ये नवीन आहात का?
फोन कट झाला. (मी केला.)

२७ ऑगस्ट
मार्ग सापडला. चाळीस मिलिमीटरचे तुकडे अजून टाकीत गेलेलेच नाहीत! म्हणजे मुक्त तुकडा सिद्धान्त खोटा ठरलेला नाही, तो अजून तपासलाच गेलेला नाही. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. दिवसभर पट्टी आणि कात्री घेऊन काड कापलं. नाकाला फडकं बांधून. मामा मदतीला आले. नको म्हटलं, हे मला स्वतः करायचं आहे. शिंका दोनशेच्या वर.
बायको म्हणाली की चार दिवस राहिले आहेत, आलेख फिरवून टाका. मी म्हटलं की तिला संशोधन म्हणजे घरातलं कपाट वाटतं का, की जागा बदलली की झालं. ती उठून आत गेली. हे बोलायला नको होतं.

२८ ऑगस्ट, सकाळी ११.३०
खरे चाळीस मिलिमीटर टाकीत घातले. ढवळणी सुरू केली. चार फेरे झाले. पाचव्याला काड दांड्याभोवती गुंडाळलं, मीटर दीडशेच्या पुढे गेला, मग शून्यावर. जळका वास. मामांनी धावत जाऊन बटण बंद केलं. मोटार गेली.
निष्कर्ष: मोटार आधीच कमजोर होती.

२९ ऑगस्ट
काहीच केलं नाही. संकल्पही नाही. काचेतून टाकी बघत बसलो.

३० ऑगस्ट, रात्री ८
ठरलं. बाईंचं ऐकायचं. पदवी ती पदवी.
आलेख फिरवायला दोन मिनिटं लागली. पण एकशे चौऱ्याण्णव पानांत 'मोठा', 'मोठे', 'मोठ्या' सहाशे ठिकाणी आहे. बायकोने मागचं सगळं विसरून रजा टाकली आणि म्हणाली की आपण दोघं एकेक पान वाचून दुरुस्त करू, उद्या दुपारपर्यंत होईल. मी म्हटलं की कॉम्प्युटर कशाला घेतलाय? तिला शाळेत पाठवून दिलं.
एक बटण: 'मोठा', 'मोठे', 'मोठ्या' शोधा, सगळीकडे 'लहान' घाला. झालं. मग लक्षात आलं की आता मूळच्या चारशे 'लहान'चं 'मोठा' करायला हवं. दुसरं बटण. 'लहान' शोधा, सगळीकडे 'मोठा' घाला. चार मिनिटांत संपलं. तिने दोन दिवस लावले असते. छपाईला दिला, बांधणीला दिला. पाच वाजता घरी. चहा मुद्दाम दोन कप घेतला.

३१ ऑगस्ट, सकाळी ११
बाईंच्या टेबलावर प्रबंध. निळी बांधणी, सोनेरी अक्षरं. त्यांनी पेन काढलं, टोपण काढलं, आणि सही करण्याआधी सहज मध्येच एक पान उघडलं. वाचलं. मग दुसरं. मग तिसरं. मग माझ्याकडे वळवून त्या ओळीवर बोट ठेवलं. 'मोठा तुकड्यांपेक्षा मोठा तुकड्यांना कमी ऊर्जा लागते.'
पुढचं पान: 'तुकडा मोठा असो वा मोठा.' ऋणनिर्देशात माझ्या लहान मुलीचे आभार होते, तिथे 'माझ्या मोठा मुलीचे'. सगळंच मोठं झालं होतं. पहिल्या बटणाने सगळं लहान झालं, दुसऱ्या बटणाने सगळं मोठं. सहाशे अधिक चारशे. एक हजार ठिकाणी.
बाई फार हळू बोलल्या. म्हणाल्या की यावर मी सही करू शकत नाही. पाचपर्यंत दुरुस्त झालं तर घेऊन या. मी हो म्हटलं.

३१ ऑगस्ट, ४.५०
बायको शाळेतून अर्ध्या दिवसाने आली. जुनी फाइल मी वेगळी ठेवलीच नव्हती, म्हणून तीन तास दोघं वाचत होतो. कुठला 'मोठा' मुळात मोठा आणि कुठला लहान, हे वाक्य पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही. आणि वाक्यं माझी. लांब आहेत. त्रेपन्नाव्या पानावर आहोत.
ती अजूनही वाचतेय. मी तिला सांगितलं की थांब. ती थांबली नाही. मला रडू आलं.

३ सप्टेंबर
नोंदणी रद्द झाल्याचं पत्र काल आलं. दोन ओळी. ऑफिसात जाऊन एक फॉर्म भरायचा असतो. त्यात चौकट आहे: 'संशोधन पूर्ण न होण्याचे कारण.'
काल घरी बसून उत्तराचे चार मसुदे केले. एकात जाळीवाला, एकात मोटार, एकात बाईंचं मार्गदर्शन, एकात मामांचे डोळे. चारही वाचून पाहिले आणि फाडले. शेवटी सकाळी ऑफिसच्या खिडकीसमोर उभा राहून सरळ लिहिलं: 'काड दळलं मामांनी, ओतलं मामांनी. काय दळलंय ते मामाच मला सांगत होते. तीन महिन्यांत मी एकदाही पिशवीत हात घालून पाहिलं नाही. चूक माझी आहे.'
लिहून छाती हलकी झाली. फॉर्म क्लार्ककडे दिला. त्याने वाचलाही नाही, नुसती लांबी पाहिली. म्हणाला की चौकटीच्या बाहेर जातंय, असं चालत नाही, वैयक्तिक अडचण लिहा. सगळे तेच लिहितात. त्याने नवीन फॉर्म दिला.
लिहिलं.